पिकअपचा पुढचा स्टॅबिलायझर बार काढण्यापूर्वी

आमच्या नाशिकच्या गॅरेजमध्ये येणारे पिकअपधारक पहिल्यांदा विचारतात, "पुढचा आडवा रॉड (म्हणजे स्टॅबिलायझर बार) काढून टाकला तर चालेल का?" त्यांच्यापैकी काही जण पंधरा दिवसांनी पुन्हा येतात आणि सांगतात, "रॉड घरी काढला, पण आता बसत नाही." पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला पाच मिनिटे पुरतात. दुसऱ्यापायी आमचा अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे शेवटी ग्राहकालाच मोजावे लागतात, म्हणून हे पत्रक छापले आहे. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्ससारख्या, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली अशा दोन भुजा, म्हणजे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग (गुंडाळीची स्प्रिंग) असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

बारचे काम आपल्याला ठाऊक असेलच, तरी एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते. हा बार मधल्या भागात दोन रबरी बुशांमध्ये चेसीला धरलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके लिंकद्वारे (छोट्या जोडदांड्यांनी) दोन बाजूंच्या खालच्या आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली, तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तरच त्याला पीळ बसतो आणि तो गाडीला कलू देत नाही. त्यामुळे रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक सरळ ओलांडताना बसणारा दणका बार काढल्याने कमी होत नाही. तो स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायरमधील हवेचा प्रश्न आहे. अनेकांनी ३० पाउंड हवेच्या जागी ४५ पाउंड भरलेली असते आणि दोष मात्र बारला दिला जातो.

बार काढायला सांगण्याचे, दणक्याखेरीज, दुसरे कारण आवाजाचे. खराब रस्त्यावर पुढून येणारी 'टक-टक' बहुतेक वेळा बारची नसते, तर झिजलेल्या लिंकच्या बॉल जॉइंटची किंवा सैल झालेल्या बुशची असते. गाडी सपाट जागी उभी करून लिंक मुठीत धरावी आणि जोराने हलवावी. हाताला खुळखुळ जाणवली, तर दुखणे सापडले. लिंक आणि बुश हे बारच्या तुलनेत किरकोळ भाग आहेत. ते आम्ही नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलतो, कारण एकच बाजू नवी केली की थोड्याच महिन्यांत दुसरी बोलू लागते आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते. यात आमचा धंदा होतो, हे नाकारत नाही. पण आवाजापायी बारच काढून ठेवणे म्हणजे दार करकरते म्हणून बिजागरीला तेल न देता दारच उतरवून ठेवण्यासारखे आहे.

आता ज्या चुकीमुळे आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे एकच चाक जॅकवर उचलून बार सोडवायला घेणे. पंक्चर काढण्याच्या सवयीने हात तसाच वळतो. परंतु एक बाजू उचलली की त्या बाजूचे चाक खाली लोंबते, दुसऱ्या बाजूचे चाक गाडीच्या भाराखाली दाबलेले राहते आणि बारला भरपूर पीळ बसतो. तो पीळ लिंकच्या स्टडवर (आटे पाडलेल्या टोकावर) आडवा ताण देत असतो. अशा स्थितीत नट सोडवला, तर शेवटच्या दोन-तीन आट्यांवर सगळा जोर येतो, आटे खरवडले जातात आणि नट निघताच बारचे टोक झटक्याने उसळते. आमच्याकडे आलेल्या एका ग्राहकाच्या अंगठ्याचे नख त्या उसळीत काळेनिळे झाले होते. तेवढ्यावर निभावले, हे नशीबच.

खरी पंचाईत पुढे, बार बसवताना होते. गाडी तशीच एका जॅकवर असल्यामुळे लिंकचे भोक आणि आर्मचे भोक बोटभर अंतराने चुकते. मग पहार लावली जाते, हातोडी चालते आणि चेसीवरील ब्रॅकेटचा बोल्ट वाकडा आत शिरतो. त्या बोल्टचा नट बहुधा चेसीच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेला असतो आणि तिथे पाना पोहोचत नाही. त्याचे वेल्ड तुटले की बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो, ना पुढे ना मागे. आम्हाला तो ग्राइंडरने कापावा लागतो, नवा नट वेल्ड करावा लागतो आणि त्याआधी बॅटरीची जोडणी काढून जवळची ब्रेकची नळी व एबीएसची (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर बाजूला बांधून ठेवावी लागते. तासाभराचे काम दुपारी चारपर्यंत लांबते, ते असे.

उपाय अगदी साधा आहे. पिकअपची जमिनीपासूनची उंची पुरेशी असल्यामुळे हे काम पुष्कळदा चारही चाके सपाट जमिनीवर ठेवूनच करता येते. हौदा रिकामा ठेवावा, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. उचलणे भागच असेल, तर पुढची दोन्ही चाके सारख्या उंचीवर उचलावीत आणि चेसीखाली दोन घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना. बारवर पीळ नसल्याची खूण अशी की एका बाजूचा नट काढल्यावर लिंक बोटांनी मागे-पुढे सरकते. ती अडून बसली असेल, तर पुढे न जाता गाडी पुन्हा समतल करावी.

नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसानंतर तर तो हवाच. खालचा गार्ड काढल्यावर प्रथम दोन्ही लिंकचे नट सोडवावेत. नट फिरवताना त्याच्याबरोबर स्टडही फिरू लागतो. त्यासाठी स्टडच्या टोकाला एलन कीचा खाचा किंवा बॉलजवळ पाना लावण्यापुरती चपटी जागा दिलेली असते. तिथे धरून नट रिंग पान्याने सोडवावा, इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारे यंत्र) लावू नये. गनने स्टड गरगर फिरतो, बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटते आणि चांगली लिंक भंगारात जाते. शेवटी बुशांचे क्लॅम्प काढावेत. तेव्हा बार धरायला दुसरा माणूस हवा, कारण सुटलेला बार थेट छातीवर येतो. काही गाड्यांमध्ये तो बाहेर काढण्यासाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे लागते. बारच्या डाव्या टोकाला रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे बसवताना वाद होत नाही.

बसवताना बुशची चीर पूर्वी ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवावी. रबरी बुशला साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. लॉक नट नवे वापरावेत. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यांत बसवून घ्यावेत आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावरच कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळावेत.

एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. काही पिकअपना पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. तो गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि गाडीचा भार पेलणारी स्प्रिंग तोच असतो. त्याला स्टॅबिलायझर समजून कोणीही पाना लावू नये.

बार काढून गाडी कायमची तशीच चालवण्याचे काम आम्ही घेत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट हौद्याच्या वर चळत लावून भरलेली गाडी कसारा घाट उतरताना आम्ही रोज पाहतो. त्या वळणांवर पुढचा बार नसेल, तर गाडी जास्त कलते आणि कलण्याला होणारा विरोध बराचसा मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर जातो. मग ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटण्याची भीती वाढते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि अपघातानंतर विमा कंपनीने हा मुद्दा काढला, तर आपली बाजू लंगडी पडते.

डोंगरात गाडी चालवण्याचा छंद असलेले ग्राहक जीप रँग्लर रुबिकॉनचा दाखला देतात. तो दाखला बरोबर आहे, पण पुरता नाही. त्या गाडीत पुढचा बार बटणाने सुटतो आणि वेग वाढला की आपोआप पुन्हा जोडला जातो, म्हणजे बार काढून टाकलेला नसतो. शिवाय तिच्या पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे. डबल विशबोनच्या पिकअपमध्ये चाकाचा खालचा प्रवास आर्म आणि शॉक यांनीच मर्यादित केलेला असतो, त्यामुळे बार सोडून मिळणारा फायदा त्या मानाने थोडा असतो. भंगार बाजारातून जाडजूड बार आणून बसवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २८ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटरचा बार बसवला, तर तो जवळजवळ एक तृतीयांशाने ताठर होतो. 'दोन मिलिमीटरने काय होते' असे म्हणून चालत नाही.

इंजिनचे संप (खालचे तेलाचे पात्र) किंवा स्टिअरिंग रॅकच्या कामासाठी बार तात्पुरता काढणे आम्ही नेहमीच करतो. त्या वेळी बुश आणि लिंक तपासण्याचे वेगळे पैसे आकारत नाही आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून ग्राहकाला परत देतो. आवाजाची तक्रार असेल, तर गाडी रिकामी करून आणावी. आमचा माणूस आपल्याबरोबर एक फेरी मारून आवाज कुठून येतो ते दाखवील. बार घरी काढून झाला असेल आणि बसत नसेल, तर पहार न लावता बार हौद्यात टाकून, निघालेले सर्व नट, बोल्ट आणि वॉशर एका डब्यात घालून, गाडी सावकाश चालवत आणावी. लिंक आर्मला लोंबती ठेवली असेल, तर ती तारेने घट्ट बांधावी, नाहीतर वळणावर ती चाकाला किंवा ब्रेकच्या नळीला लागेल.