पारावरचा पट आणि इटालियन ओपनिंग

आमच्याकडं, परभणीच्या बाजूला, लिंबाखालच्या पारावर बुद्धिबळ देशी नियमांनीच चालायचं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जायचं. राजाला तोवर शह बसला नसेल तर डावात एकदा घोड्याची अडीच घरं चालायची मुभा असे. आजोबा तसंच खेळत आणि मीही तसंच शिकलो. पुढं शालेय स्पर्धेत समोरच्या पोरानं पहिलंच प्यादं दोन घरं सरकवलं. माझी प्यादी हळूहळू पुढं येईपर्यंत त्याचा उंट सी४ वर, म्हणजे ‘सी’ या उभ्या पट्टीतल्या पांढऱ्याकडून चौथ्या घरात, येऊन बसलाही होता.

तीच इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाची एक ठरलेली सुरुवात. दोघांची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढं येतात. पांढरा घोडा काळ्या प्याद्यावर नजर धरतो, काळा दुसऱ्या बाजूचा घोडा काढून त्या प्याद्याला जोर देतो. तिसऱ्या चालीला पांढरा उंट सी४ वर येतो. त्याचा रोख एफ७ वरच्या, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर असतो, कारण सुरुवातीला त्या प्याद्याला एकट्या राजाचाच जोर असतो.

ही कल्पना नियम बदलल्यामुळं सुचली. युरोपातही जुना उंट उडी मारून तिसऱ्याच घरात जायचा आणि वजीर तिरपं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेन-इटलीकडं उंटाला अख्खा कर्ण मिळाला, वजिराची बलाढ्य राणी झाली. मग लांबून एफ७ वर मारा करता येऊ लागला. 1512 साली रोममध्ये छापलेल्या, दामियानो या पोर्तुगीज खेळाडूच्या पुस्तकात ही सुरुवात आहे. 1620 च्या सुमारास दक्षिण इटलीतल्या ग्रेको या खेळाडूनं वह्यांमध्ये तिचे डाव लिहून ठेवले. मला ग्रेकोच सगळ्यात जवळचा वाटतो. त्याच्या डावांत हल्ला कसा उभा राहतो ते नवख्यालाही बोट ठेवून दाखवता येतं.

एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या एव्हान्स नावाच्या जहाजाच्या कप्तानानं चौथ्या चालीला बी४ वर प्यादं बळी देऊन डाव पेटवला. नंतर मोठ्या स्पर्धांत इटालियन ओपनिंग मागं पडली. 2000 साली जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकनं कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव ही काळ्याची मांडणी वापरली आणि तिसऱ्या चालीला उंट बी५ वर नेणाऱ्या स्पॅनिश ओपनिंगची धार बोथट झाली, तसे पुढच्या काळात अव्वल खेळाडू पुन्हा इटालियनकडं वळले. आता ते ती सावकाश, प्यादं डी३ वर एकच घर सरकवून मांडतात.

सुट्टीत पारावर पोरं येतात, तेव्हा मी पट मांडून आधी एफ७ वर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘ह्याला जोर कुणाचा रे?’