शांततावाद आणि युद्धाची मानवी किंमत : नागपूर परिसर

शांततावाद : युद्धाचे कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही, म्हणून व्यक्तीने आणि राज्याने त्यात भाग घेऊ नये, अशी भूमिका. तिच्यासमोर न्याय्य युद्धाची परंपरा उभी असते. ही परंपरा दोन प्रश्न वेगळे ठेवते : युद्धात उतरावे की नाही, आणि उतरल्यावर कसे लढावे. दुसऱ्या प्रश्नातून आजचा मानवतावादी कायदा घडला. १८६४ चा पहिला जिनिव्हा करार, १९४९ चे चार करार आणि १९७७ चे पूरक करार (प्रोटोकॉल) हे त्याचे मुख्य टप्पे. १९४९ च्या करारांसाठी भारताने १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. १९७७ च्या पूरक करारांत मात्र तो सामील नाही. भूसुरुंगांवरील १९९७ चा आणि क्लस्टर बॉम्बवरील २००८ चा बंदीकरारही भारताने स्वीकारलेला नाही.

या चर्चेत सैनिक, सेनापती, राज्यकर्ते आणि बॉम्बखाली सापडलेले नागरिक असतात. दारूगोळा बनवणारा मजूर सहसा नसतो. नागपूरकडून पाहिले तर त्याला वगळता येत नाही, म्हणून प्रस्तुत नोंद त्या बाजूने लिहिली आहे.

दारूगोळ्याचा पट्टा

सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर असणे हे या भागाचे लष्करी महत्त्व. सीताबर्डीची लढाई (नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याने गमावल्यावर इंग्रजांनी १८२१ मध्ये कामठीला छावणी वसवली. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही नागपुरातच. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या दशकात अंबाझरी, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर आणि चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे दारूगोळा भांडार देशातले सर्वांत मोठे. अलीकडे अमरावती रस्त्यावरच्या खासगी स्फोटक कारखान्यांची त्यांत भर पडली आहे. हे कारखाने मूळचे खाणींसाठी स्फोटके पुरवणारे. त्यांतले काही आता लष्करासाठीही उत्पादन करतात.

‘पोरगा डिफेन्समध्ये लागला’ या वाक्याचा अर्थ वाडी-अंबाझरी भागात सैन्यात गेला असा होत नाही. निर्माणीत कायम नोकरी लागली, क्वार्टर मिळाले, आता लग्न जुळवायला हरकत नाही, असा होतो. युद्धाशी असलेले नाते इतके घरगुती आहे. शांततावादाचा प्रचार करणाऱ्यांनी या वाक्याची दखल क्वचितच घेतली, आणि या भागात त्यांचे फारसे का चालले नाही याचे एक कारण तेच असावे.

स्फोटके भरण्याच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला माल तोफगोळ्याच्या पोकळीत ओततात आणि सावकाश थंड होऊ देतात, कारण घाईने आत पोकळी किंवा तडा राहतो. कामगाराच्या अंगावर सुती कपडे असतात. काडेपेटी, मोबाइल फाटकावर ठेवायचे. ठिणगी पडू नये म्हणून हत्यारे लोखंडाऐवजी पितळेची किंवा तांब्याची. इमारतीला मातीच्या उंच बांधाचा वेढा असतो. आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे आणि किती किलो स्फोटक असावे, याची मर्यादा ठरलेली असते आणि दारावर लिहिलेली असते. हा आकडा अपघात टाळण्यासाठी नसतो. अपघात होणार असे धरून, झाला तर किती माणसे जातील याची ती आधीच आखलेली सीमा असते. मानवतावादी कायद्यातील प्रमाणबद्धतेचा नियम हाच हिशेब शत्रूच्या बाजूच्या नागरिकांबाबत करतो : लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी नसावी. पहिल्या हिशेबावर नीतिशास्त्राने फारसे लिहिले नाही, दुसऱ्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत.

पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान असे सोळाहून अधिक जण मरण पावले. त्याच परिसरात २० नोव्हेंबर २०१८ रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत बहुतेक ठेकेदारीवरचे गावकरी मजूर होते. बाजारगावच्या खासगी कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार ठार झाले, त्यांपैकी सहा स्त्रिया. १३ जून २०२४ रोजी धामण्याच्या कारखान्यातील स्फोटातही बळी मुख्यतः स्त्रियांचेच गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर निर्माणीत छत कोसळून आठ जण दगावले. बाजारगाव आणि धामण्याच्या घटनांतला माल प्रामुख्याने खाणकामाच्या उपयोगाचा होता, हे नोंदवले पाहिजे. पण कसब, धोका आणि मजुरीचा बाजार दोन्हीकडे एकच. यांपैकी एकही मृत्यू युद्धात झाला नाही.

स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे. मात्र ज्या १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली ती काम करते, त्यात सैन्यदलांना आणि आयुध निर्माणींना सूट आहे. त्यांना संरक्षण खात्याचे स्वतःचे नियम लागू होतात. २०२१ मध्ये निर्माणींचे सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले (त्यांपैकी यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपूरला आहे), तेव्हा संपाला मनाई करणारा कायदाही संसदेने संमत केला. भारतात सक्तीची सैन्यभरती नसल्याने ‘माझी सदसद्विवेकबुद्धी मला लढू देत नाही’ असे कोणाला न्यायालयात सांगावे लागत नाही. निर्माणीतल्या कामगाराला तसे वाटलेच, तर राजीनाम्याखेरीज वाट नाही.

पवनार आणि सेवाग्राम

युद्धविरोधासाठी भारतात झालेला सर्वांत स्पष्ट सत्याग्रह याच परिसरातला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. ब्रिटिशांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देणे चूक आहे आणि सर्वच युद्धांचा प्रतिकार अहिंसेने केला पाहिजे, हा त्यामागचा विचार. चार दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली. पुढच्या दीड वर्षात नागपूरच्या तुरुंगात त्यांच्या एकाहून अधिक वाऱ्या झाल्या.

गांधीजींचा स्वतःचा इतिहास इतका सरळ नाही. बोअर युद्धात त्यांनी रुग्णवाहक पथक उभारले, १९१८ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले, आणि १९४७ मध्ये काश्मीरला फौज पाठवण्यास त्यांनी विरोध केला नाही. युरोपातल्या कडव्या शांततावाद्यांना हे खटकत असे. तरी १९४९ च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली ती शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथेच.

सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी बौद्ध मंत्राने होते. आश्रमात राहणाऱ्या जपानी भिक्षूला जपान महायुद्धात उतरल्यावर इंग्रज पोलिसांनी अटक करून नेले. मंत्र म्हणताना वाजवायचा ढोल त्याने मागे ठेवला. त्याचा मंत्र आश्रमाने प्रार्थनेत कायम केला. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नेलेल्या माणसाचा मंत्र युद्ध चालू असताना रोज म्हणत राहणे, ही कृती कोणत्याही ठरावापेक्षा बोलकी मानावी लागेल.

आंबेडकरांची भूमिका

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यावरून त्यांना शांततावादी ठरवणे हा सार्वत्रिक गोंधळ आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझीवादाविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते मांडत. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. वैशालीचा सेनापती सिंह याच्याशी झालेल्या बुद्धाच्या संवादाचा दाखला ते देत : न्यायासाठी गरज पडली तर बळाचा वापर निषिद्ध नाही. वापरणाऱ्यावर मात्र शांततेचे सारे उपाय आधी संपवण्याची जबाबदारी येते.

या भूमिकेची किंमत त्यांच्याच खात्याला मोजावी लागली. युद्धासाठी कोळसा कमी पडू लागल्यावर १९४३ मध्ये खाणींत स्त्रियांना भूमिगत कामावर असलेली बंदी उठवण्यात आली, आणि मजूर मंत्री म्हणून त्या निर्णयाचे समर्थन त्यांना कायदेमंडळात करावे लागले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. न्याय्य मानलेल्या युद्धाचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, याचे हे उदाहरण आंबेडकरांच्या चरित्रांत ओझरतेच येते.

दीक्षेसाठी निवडलेला दिवस अशोकाशी जोडलेला. त्याच्या तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धाचा हिशेब आहे : दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. जेत्याने आपल्याच हातच्या हत्येचा आकडा कोरून ठेवणे इतिहासात विरळा. पण त्याच लेखात रानातल्या लोकांना दटावणी आहे की पश्चात्ताप झाला तरी राजाजवळ दंडशक्ती आहे. कलिंग त्याने परत केले नाही, आणि खुद्द कलिंगातल्या धौली व जौगडच्या शिळांवर हा लेख कोरलेला नाही.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर त्रिशरण-पंचशील होते आणि त्याच शहरात रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शस्त्रपूजन. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यांतून यंत्रांना हार-कुंकू वाहिलेले असते. नागपूरकरांना यात विसंगती दिसत नाही. बाहेरून आलेल्यांना ती प्रथम दिसते.

ड्रोन आणि निर्णय

नागपुरात तयार झालेले ‘नागास्त्र-१’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारे ड्रोन. १२० नगांची पहिली खेप २०२४ मध्ये लष्कराला मिळाली. लक्ष्य योग्य न वाटल्यास ते परत बोलावता येते आणि पॅराशूटने उतरवता येते. नीतीच्या दृष्टीने या जातीच्या शस्त्रांचा कळीचा मुद्दा हाच : परत बोलावण्याचा निर्णय माणसाच्या हाती राहणार की यंत्राच्या. पूर्णतः स्वयंचलित शस्त्रांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. विरोधकांत रशिया आणि आणखी मोजके देश होते. अशा शस्त्रांवरील नियमांची चर्चा पारंपरिक शस्त्रांवरील १९८० च्या कराराच्या चौकटीतच व्हावी, ही भारताची भूमिका आहे.