डार्विनला चोचींनी साक्षात्कार घडवला?

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर १६ जणांच्या छोट्या बोटीतून फिरायला निघालात की ही गोष्ट हमखास कानावर पडते: डार्विनने फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि तिथल्या तिथे त्याला उत्क्रांती उमगली. छे! १८३५ मध्ये तो तिथे जेमतेम पाच आठवडे होता. कुठला फिंच कुठल्या बेटावरचा, याची धड नोंदही त्याने ठेवली नव्हती. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद, हे १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने दाखवलं. डार्विनच्या नजरेत भरले होते ते मॉकिंगबर्ड. बेट बदललं की पक्षी वेगळा, हे त्याने टिपलं होतं. एस्पान्योला बेटावर तर ते शोधावेही लागत नाहीत. बाकदार चोचीचा हा आगाऊ पक्षी पाण्याच्या बाटलीसाठी थेट पायाशी येतो. पाणी पाजायला मात्र मनाई आहे.