बटण दिसते, पण बॉटला सापडत नाही: पार्श्वभूमी

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्यांचे हिशेब असोत की तिथल्याच मिहानमध्ये बसून केलेली परदेशी ग्राहकांची कामे, बॉट (माणसाच्या जागी बटणे दाबणारा, रकाने भरणारा प्रोग्राम) बसवणारा एका ठिकाणी हमखास अडतो. खिडकी पकडता येते, पण आतली बटणे, रकाने, तक्ते यांची वेगळी ओळखच मिळत नाही. सगळा मिळून एक सपाट चौकोन.

विंडोजच्या मूळ रचनेत प्रत्येक बटण ही स्वतःच एक छोटी खिडकी असे आणि तिला स्वतःचा हँडल, म्हणजे ओळखक्रमांक, मिळे. तो हँडल शोधून बाहेरचा प्रोग्राम तिला संदेश पाठवू शके. 1998 च्या व्हिज्युअल बेसिक 6 या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात मात्र लेबलला हँडलच नव्हता, आणि त्यातल्या फ्लेक्सग्रिड नावाच्या तक्त्याची अख्खी मिळून एकच खिडकी होती. चौथ्या ओळीतली रक्कम हँडलच्या वाटेने विचारायची सोय नाही. या साधनाचा आधार 2008 मध्ये संपला, तरी त्यात लिहिलेली बिलिंगची सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवरही चालत राहिली. चालते आहे ते दुकानदार कशाला बदलेल?

खरा वाद घालावा असा निर्णय मात्र वेगळा आहे. 1997 मध्ये अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) विंडोजमध्ये अॅक्टिव्ह अॅक्सेसिबिलिटी ही सोय आली, पुढे विंडोज व्हिस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन ही नवी सोय आली. आज बॉट ज्या वाटेने बटण शोधतो ती मुळात या स्क्रीन रीडरसाठी बांधलेली आहे. तयार, प्रमाण बटणे वापरली तर नाव, प्रकार, स्थिती ही माहिती आपोआप बाहेर जाते. स्वतः रंगवलेल्या बटणाची माहिती मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः पुरवायची, आणि ते त्याच्या मर्जीवर सोडले गेले. बहुतेकांनी पुरवली नाही. पडद्यावर बटण झकास दिसत होते, ग्राहकाची तक्रार नव्हती.

त्यावर कडी म्हणजे, माहिती पुरवणारी यंत्रणा असली तरी ती बंद ठेवून देण्याची रीत. जावात लिहिलेल्या प्रोग्रामची अशी माहिती बाहेर देणारा अॅक्सेस ब्रिज 2012 पासून जावासोबतच येतो, पण चालू करायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर) बांधलेली डेस्कटॉप अॅपही स्क्रीन रीडरची चाहूल लागेपर्यंत आतल्या बटणा-रकान्यांची यादी उघडत नाहीत. वेग आणि मेमरी वाचते, हे त्यामागचे कारण, आणि जुन्या यंत्रांवर ते खरेही होते. तरीही ही बचत कोणाच्या खर्चाने झाली हे विचारायलाच हवे. जी खिडकी बॉटला मुकी, ती अंध कारकुनालाही मुकीच. बॉटची अडचण पैसे देणाऱ्याला दिसली म्हणून तिच्यावर साधने निघाली. कारकुनाची त्याआधी कितीतरी वर्षे तशीच होती.

काही वेळा कारण साधे असते. व्हिस्टापासून, प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला साध्या अधिकाराचा प्रोग्राम संदेश पाठवू शकत नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवले की काम होते. रिमोट डेस्कटॉपवर तर आपल्या यंत्राकडे नुसते चित्रच येते, तिथे शोधायला बटणे-रकाने नसतातच.

2009 च्या सुमारास एका अमेरिकी विद्यापीठातून बटणाचे चित्र जुळवून क्लिक करण्याची पद्धत पुढे आली आणि झपाट्याने पसरली. पण पडद्याचे प्रमाण 100 वरून 125 टक्के केले की चित्र जुळेनासे होते. शक्य असेल तिथे कीबोर्डचे शॉर्टकट जास्त टिकतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर खिडकीच्या नादी लागूच नये: ती 9000 क्रमांकाच्या पोर्टवर (प्रोग्रामशी बोलण्याच्या दारावर) एक्सएमएल या ठरावीक मांडणीतला मजकूर घेते आणि देते. व्हाउचर तिथून थेट भरता येतात.

मराठी मजकुराने आणखी एक पेच घातला. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती रुळण्याआधीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. त्या काळातल्या प्रोग्रामचा रकाना सापडला आणि त्यातला मजकूर वाचला, तरी हाती येतात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ. मग फाँटनुसार रूपांतराचा तक्ता लावावा लागतो. तो नसेल तर त्याच रकान्याचे चित्र घेऊन मराठी ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामला) द्यावे लागते. छपाई स्वच्छ असेल तर तिथे ग्राहकाचे नाव देवनागरीत मिळते; जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासून घ्यावीत.