चाचणी अडली, मग फूट पडली: साथ आणि लिबर्टेरियन वाद

साथीच्या काळात सक्ती चालते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 मध्येच 7 विरुद्ध 2 मतांनी सांगून टाकलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका माणसाने देवीची लस टोचून घ्यायला नकार दिला, त्याला 5 डॉलर दंड झाला आणि तो कायम राहिला. व्यक्तिस्वातंत्र्य सर्वांत वर आणि सरकार कमीत कमी असावं असं मानणाऱ्या लिबर्टेरियन मंडळींना हा निकाल आजही खुपतो. पण कोविडमधला त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा लशीचा नाही, चाचणीचा आहे.

31 जानेवारी 2020 ला अमेरिकेत आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. एरवी मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आपल्या चाचण्या स्वतःच तयार करून वापरत. आणीबाणीत मात्र त्यासाठी औषध नियामकाची मंजुरी लागू लागली. म्हणजे घाईच्या वेळीच नियम घट्ट झाले. 4 फेब्रुवारीला मंजुरी मिळाली ती केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या एकट्या चाचणीला. तिचे किट राज्यांत पोहोचले आणि बहुतेक ठिकाणी नीट चालेनात. सिएटलमध्ये फ्लूच्या अभ्यासासाठी जमवलेले नमुने पडून होते. संशोधकांनी अखेर ते मंजुरीविनाच तपासले, तेव्हा कुठे स्थानिक संसर्ग उघड झाला. नियम सैल झाला 29 फेब्रुवारीला. या दिरंगाईचं समर्थन करणं खरंच अवघड आहे.

दक्षिण कोरियाने त्याच 4 फेब्रुवारीला एका खासगी कंपनीच्या किटला तातडीची मंजुरी दिली होती. हा दाखला लिबर्टेरियन आवडीने देतात. त्याच कोरियन सरकारने रुग्णांचे फोन आणि कार्डांचे व्यवहार चाळून त्यांचा माग काढला, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो.

लॉकडाउन लागल्यावर लिबर्टेरियनांत फूट पडली. बळ वापरायचं ते फक्त हल्ल्याविरुद्ध, हे त्यांचं तत्त्व. नकळत संसर्ग देणं हा दुसऱ्यावरचा हल्ला मानायचा का? मानला, तर सक्तीला दार उघडतं. सरकारच नको, सगळं खासगी मालकीवर चालावं म्हणणाऱ्या अनार्को-कॅपिटलिस्टांचं उत्तर मालकीचं: ज्याची जागा, त्याचा नियम. रस्ते सरकारीच असताना काय करायचं, इथे ते उत्तर लंगडं पडतं. ऑक्टोबर 2020 मध्ये, पुन्हा मॅसॅच्युसेट्समध्येच, मुक्त बाजारवादी संस्थेत बसून तीन शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला: जोखमीच्या लोकांना जपा, बाकीच्यांना मोकळं सोडा.

मग 2021 च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या गव्हर्नरने खासगी कंपन्यांनाही लससक्ती करायला मनाई केली. 100 किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांवरची केंद्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये रोखली. पण मालकाचा नियम मोठा की कामगाराचं स्वातंत्र्य, हा टेक्सासचा पेच त्याने सुटला नाही. तिथे सरकारने मालकाचे हात उलट बाजूने बांधले होते.