कवटी नसली तरी लेबल वाचा

ड्रेनेज साफ करायच्या कॉस्टिक पावडरीच्या डब्यावर बहुतेक वेळा एक ठरावीक चित्र दिसतं. टोकावर उभा केलेला लाल किनारीचा चौकोन, आत एका नळीतून हातावर आणि दुसरीतून धातूच्या पट्टीवर पडणारं द्रव, आणि दोन्ही झिजत चाललेले. शेजारी ठळक 'डेंजर'. त्याखाली बारीक टाइपात चार-सहा वाक्यं असतात आणि अपघाताच्या वेळी खरा उपयोग होतो तो त्यांचाच.

पूर्वी एकच रसायन एका देशात विषारी ठरायचं, दुसऱ्यात नुसतं हानिकारक. हा घोळ मिटवायचं १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत ठरलं आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रसायनांचं वर्गीकरण आणि लेबलं यांची 'जीएचएस' ही समान पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ चित्रं आहेत. 'डेंजर' आणि त्याहून सौम्य 'वॉर्निंग' असे दोन इशारे आहेत. शिवाय धोका सांगणारी आणि काळजी कशी घ्यायची ते सांगणारी वाक्यं ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे कंपनीला मनाला येईल तसा सौम्य मजकूर छापता येत नाही.

कुठलं चित्र लागणार हे मोजमापावर ठरतं. शरीराच्या दर किलो वजनामागे ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा पोटात गेल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी दगावत असतील, तर कवटी. ३०० ते २००० मिलिग्रॅमच्या दरम्यान नुसतं उद्गारचिन्ह. पण कवटी दिसली नाही म्हणून निर्धास्त होणं फार महागात पडू शकतं. टर्पेंटाइनचंच घ्या. त्यावर कवटी नसते, छातीत चांदणीसारखी भेग पडलेली मानवाकृती असते. टर्पेंटाइन इतकं पातळ असतं की गिळताना किंवा उलटी होताना ते सहज श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसांना गंभीर इजा करतं. 'गिळल्यास आणि श्वसनमार्गात गेल्यास प्राणघातक ठरू शकतं' हे धोका सांगणारं ठरावीक वाक्य, सांकेतिक क्रमांक एच ३०४, त्यासाठीच आहे. त्याच्या जोडीला 'उलटी करवू नका' असं छापलेलं असतं. पोटात काही भलतंसलतं गेलं की घरातली माणसं आधी घशात बोटं घालायला धावतात आणि इथे नेमकं तेच जिवावर बेततं.

जीएचएस हा स्वतः कायदा नाही. त्यातलं काय घ्यायचं हे प्रत्येक देश ठरवतो. युरोपीय संघाने २००८ च्या नियमावलीत कारखान्यातला माल आणि घरगुती वस्तू दोन्ही घेतल्या. अमेरिकेने २०१२ मध्ये ही पद्धत कामाच्या ठिकाणांपुरती स्वीकारली. तिथल्या घरगुती उत्पादनांना आजही १९६० चा वेगळा कायदा लागू आहे. म्हणून तेच रसायन ड्रममध्ये असताना लाल चौकोन अंगावर वागवतं, आणि घरगुती बाटलीत त्याला तो सक्तीचा नसतो. ही तफावत मला खटकते.

व्यवसायात लेबलाच्या पाठीशी सोळा विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण दिलेलं असतं. घरात मात्र सगळी भिस्त लेबलावर. त्यामुळे युरोपात काही घातक घरगुती उत्पादनांना मुलांना सहज उघडता येणार नाही असं झाकण लागतं. दृष्टिहीनांना बोटांनी जाणवावा म्हणून उठावाचा त्रिकोणही लागतो. वेष्टन खाद्यपदार्थासारखं दिसू नये, अशीही अट आहे.

या सगळ्या अटी मूळ बाटलीला लागू होतात. कामाच्या ठिकाणी रसायन दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं तर साधारणपणे त्यावरही नाव आणि धोका लिहावा लागतो. घरात ब्लीच पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं की नाव, इशारा आणि 'इतर उत्पादनांसोबत वापरू नका' ही सूचना जुन्या बाटलीबरोबर कचऱ्यात जाते. पुढे कुणी त्यातच आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर मिसळला, तर क्लोरीन वायू सुटायला काही सेकंद पुरतात.