पार्सल ट्राम

शहरातील ट्रामच्या रुळांवरून टपाल व पार्सले पोहोचविण्याची पद्धत. त्यासाठी खास डबा जोडतात किंवा नेहमीच्या ट्राममधूनच माल नेतात. कोळसा, कचरा वा यंत्रांचे सुटे भाग नेणाऱ्या गाडीला मालट्राम म्हणणे अधिक योग्य. मात्र अनेक ग्रंथांत हा भेद पाळलेला नाही.

उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील सेंट लुइस येथे १८९१ च्या सुमारास ट्राममधून टपाल नेण्याचा प्रयोग झाला. नियमित सेवेचा आरंभ काही जण १८९२, तर काही १८९३ मानतात. इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या ट्रामगाड्यांवर साधारण याच काळात टपालपेट्या बसल्या. तथापि पेटी वाहून नेणे आणि चालत्या गाडीत टपाल निवडणे, ही कामे वेगळी आहेत. अमेरिकेतील टपाल ट्राम बहुधा पांढऱ्या रंगाच्या असत. बाजूच्या फटीतून लोक पत्रे आत टाकत; आतला कारकून खणांच्या मांडणीसमोर उभ्याउभ्या ती निवडी आणि मार्गाचे नाव असलेला शिक्का मारी. हे शिक्के आज संग्राहकांकडे आहेत आणि कालनिश्चितीला त्यांच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. म्हणून सेंट लुइसचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. परंतु अमेरिकी टपाल खात्याची पार्सल सेवा १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली, तोवर या गाड्यांत मुख्यतः पत्रेच असत. केवळ पार्सलांचा विचार केला, तर मँचेस्टर नगरपालिकेच्या ट्राम विभागाची १९०५ मधील पार्सल सेवा आरंभीच्या सेवांत गणावी लागते. अमेरिकेतील शेवटची टपाल ट्राम १९२९ मध्ये बाल्टिमोर येथे बंद झाली.

ट्रामला रूळ सोडता येत नाही आणि माल उतरेपर्यंत थांबावे, तर मागची ट्राम अडते. सायडिंग (गाडी बाजूला घेण्याचा जोडरूळ) व मालाची दुबार चढउतार यांचा खर्च यातूनच येतो. या पद्धतीचे यशापयश गाडीपेक्षा त्यावर ठरते. अ‍ॅम्स्टरडॅम येथे २००७ मध्ये दोन मालट्रामची चाचणी झाली. ट्राममधून उतरलेला माल विजेच्या छोट्या गाड्यांनी दुकानांपर्यंत जाई. सुमारे ५० ट्रामची योजना होती, पण भांडवल उभे राहिले नाही आणि २००९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. ड्रेस्डेनची सुमारे ६० मी. लांबीची मालट्राम मात्र मोटार कारखान्याचे सुटे भाग घेऊन २०२० पर्यंत धावली, मध्ये थोडा खंड पडला तेवढाच. तिची दोन्ही टोके ठरलेली होती, हे तिच्या टिकण्याचे मोठे कारण. फ्रँकफुर्ट येथील अलीकडच्या प्रयोगात पार्सलांच्या पेट्या ट्राममधून उतरवून मालवाहू सायकलींनी घरोघर नेल्या. दाट वस्तीच्या शहरांना ही जोडणी विशेष उपयोगी पडेल.

भारतात कलकत्त्याची पहिली घोडाट्राम (२४ फेब्रुवारी १८७३) सियालदह ते आर्मेनियन घाट अशी धावली. रेल्वे स्थानक आणि नदीघाट जोडणारा हा मार्ग मुळात मालासाठी आखला होता, असे काही अभ्यासक मानतात. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. मुंबईची ट्राम (१८७४–१९६४) प्रामुख्याने प्रवासी वाहन म्हणूनच ओळखली जाते.